शेंदराखालची देवी आणि कावळ्यांची राणी

एक आयर्लंडची, एक आपल्या गडावरची. दोघी लढाईच्या देवता. एकीला लोक जवळपास विसरले होते, दुसरीला आपण रोज हात जोडतो. पण हात जोडताना तिच्या हातात काय आहे ते पाहतो का?

चैत्र आला की आपल्याकडचे रस्ते बदलतात. केळीच्या गाड्यांच्या कडेकडेनं भगवे झेंडे घेतलेली पोरं पायी चालायला लागतात. खांद्यावर सॅक, पायात स्पोर्ट्स शूज नाहीतर थेट अनवाणी, आणि एखाद्याच्या पाठीवर मोठ्ठा स्पीकर. 'कुठं निघाले बावा?' असं विचारलं तर उत्तर एकच, 'गडावर!' कोणता गड, हे खान्देशात कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. गड म्हणजे वणीचा, सप्तशृंगीचा.

यातल्याच एखाद्या पोराच्या कॉम्प्युटरवर 'स्माइट' नावाचा गेम असू शकतो. जगभरच्या देवदेवतांना एकाच मैदानात उतरवून लढवणारा हा गेम. त्यात आपली काली आहे. तिच्या चित्रणावर काही हिंदू संघटनांनी मागे आक्षेपही घेतला होता. त्याच गेममध्ये काळ्या पिसांची, कावळ्यांच्या घोळक्यात वावरणारी आणखी एक बाई आहे. तिचं नाव मॉरिगन.

ही मॉरिगन कोण? आणि सावद्यात बसून आपण तिची चौकशी का करायची? कारण तिची गोष्ट वाचली की आपल्या गडावरच्या आईकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

कावळा बसला की समजायचं...

केल्ट म्हणजे युरोपात एकेकाळी दूरवर पसरलेले लोक. त्यांच्या भाषा, त्यांच्या कथा आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स या पट्ट्यात टिकल्या. मॉरिगन त्यातल्या आयरिश कथांमधली. तिच्या नावाचा अर्थ काही अभ्यासक 'महाराणी' असा लावतात, तर काही 'भयाची राणी' असा. दोन्ही तिला शोभतात.

ती एकटी असते आणि तिघीही असते. बाव, माखा, नेमन अशी नावं तिच्याशी जोडली जातात. कधी त्या तिच्या बहिणी, कधी तिचीच रूपं. रणांगणावर ती कावळ्याच्या रूपात येते. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो की नाही, याकडे सगळं घर श्वास रोखून बघत असतं. त्यामुळे मेलेल्यांचा आणि कावळ्याचा संबंध आपल्याला समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे ही लढाईची देवी असली तरी स्वतः तलवार घेऊन क्वचितच लढते. ती लढणाऱ्यांच्या डोक्यात शिरते. कुणाला चेतवते, कुणाची गाळण उडवते, आणि कोण मरणार हे आधीच सांगते. आयर्लंडच्या देवकुळाची आणि फोमोरियन लोकांची मोठी लढाई झाली, तेव्हा तिनं आपल्या बाजूच्या वीरांना पेटवलं. लढाई जिंकल्यावर तिनंच शांतता जाहीर केली, आणि लगेच पुढं जगाच्या शेवटाचं भाकीतही केलं. जिंकल्याच्या दिवशीसुद्धा खरं बोलणारी बाई!

तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट कू हुलिन या तरुण वीराबरोबरची. तो एकटा आख्ख्या फौजेला अडवून उभा असतो. लढाई कशावरून, तर एका बैलावरून! ती राजकन्येच्या रूपात येते, म्हणते, तू मला आवडलास, मी तुला मदत करते. तो तिला उडवून लावतो, बाईच्या मदतीची मला गरज नाही म्हणतो. मग ती आधी सांगून त्याच्या वाटेत येते. पाण्यात ईल मासा होऊन त्याच्या पायाला विळखा घालते, लांडगी होऊन गुरं अंगावर घालते, बिनशिंगाची तांबडी कालवड होऊन कळप उधळवते. तो तिन्ही वेळा तिला जखमी करतो. नंतर थकलेल्या, तहानलेल्या कू हुलिनला एक म्हातारी गाय पिळताना दिसते. ती त्याला तीनदा दूध देते. तो तीनदा आशीर्वाद देतो, आणि प्रत्येक आशीर्वादासरशी म्हातारीची एकेक जखम भरते. म्हातारी म्हणजे तीच.

शेवटी तो मरायला टेकतो तेव्हा उभ्यानं मरण यावं म्हणून स्वतःला एका दगडी खांबाला बांधून घेतो. शत्रू जवळ यायला धजत नाहीत. त्याच्या खांद्यावर कावळा येऊन बसतो, तेव्हा त्यांना कळतं की हा गेला. हा प्रसंग ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकारानं ब्राँझमध्ये घडवला. १९१६ साली आयरिश बंडखोरांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला, त्याचं केंद्र होतं डब्लिनचं मुख्य पोस्ट ऑफिस. तिथंच १९३५ पासून हा पुतळा उठावाचं स्मारक म्हणून उभा आहे. ब्रिटिशांशी लढताना आयर्लंडला आपले जुने वीर आणि देव आठवले. आपल्याकडंही त्याच काळात भवानी आणि भारतमाता आठवत होत्याच की.

लिहून ठेवलं, पण नाक मुरडून

या कथा आपल्यापर्यंत पोचल्या त्या ख्रिस्ती मठांमधल्या लेखनिकांमुळे. बाराव्या शतकाच्या आसपास त्यांनी त्या उतरवून ठेवल्या. बैलाच्या त्या मोठ्या कथेच्या एका हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिकानं दोन टिपा लिहिल्यात. आयरिश भाषेतली टीप म्हणते की ही कथा न बदलता जो पाठ करेल त्याचं भलं होवो. आणि लगेच खाली लॅटिनमध्ये टीप आहे की माझा यातल्या बऱ्याच गोष्टींवर विश्वास नाही. काही सैतानाच्या करामती, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. एकच माणूस, दोन भाषा, दोन मतं! घरी आजीपुढं एक आणि मित्रांच्या ग्रुपवर दुसरं बोलणाऱ्या आपल्या पिढीला हा लेखनिक एकदम ओळखीचा वाटेल.

मधली कित्येक शतकं मॉरिगन फक्त पुस्तकात राहिली. मग विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत काही लोक ख्रिस्तपूर्व देवदेवतांकडे वळायला लागले. ब्रिटनमध्ये चेटुकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला. १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं आणि विक्का नावाचा पंथ लोकांना माहीत झाला. आज अशा वेगवेगळ्या वाटांना मिळून पेगन म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला, शिवाय विक्का लिहिणारे सुमारे १३ हजार. संख्या लहान आहे, पण ती स्वतःहून लिहिलेली आहे.

यातल्या अनेकांची आराध्य मॉरिगन आहे. ऑक्टोबरच्या शेवटी सावन हा सण येतो. स्पेलिंग वाचाल तर 'सॅमहेन' म्हणाल, पण उच्चार जवळजवळ आपल्या सावनसारखाच. हॅलोविनचं मूळ त्यात सांगतात. तेव्हा तिची विशेष आठवण काढतात. दूध, मध, मद्य असा नैवेद्य दाखवतात. आणि रक्ताच्या या देवीला काही भक्त काय वाहतात माहितीये? ते जाऊन रक्तदान करतात. नवरात्रात मंडळाच्या मांडवात रक्तदान शिबिर बघितलेल्या आपल्या पोरांना यात नवल वाटणार नाही.

त्यांची अडचण मात्र मोठी आहे. पूजा कशी करायची, मंत्र कोणते, काही शिल्लक नाही. तुटलेल्या धाग्यावरून सगळं नव्यानं विणायचं. आपल्याकडं धागा तुटलेलाच नाही. पण मग त्या धाग्याकडं आपण नीट बघतो का?

अठरा हात, एक कललेली मान

आता गडावर चला. साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि वणी हे अर्धं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यातला हा गड खान्देशातल्या किती तरी घरांची कुलस्वामिनी सांभाळतो. चैत्रात पायी जाणारे वेगळे, नवरात्रात जाणारे वेगळे, आणि कोजागरीला नद्यांचं पाणी कावडीतून नेऊन देवीला अंघोळ घालणारे आणखी वेगळे.

पायऱ्या सुरू होतात तिथं आधी महिषासुराचं शीर आहे. आपण त्यालाही नमस्कार करून वर जातो. ज्याला मारलं त्यालाही मान, ही आपली रीत.

वर डोंगराच्या कड्यातच कोरलेली उंच मूर्ती. अठरा हात. साडी, दागिने, मुकुट यांच्या गर्दीत आपलं लक्ष चेहऱ्याकडं जातं आणि हात जोडून आपण पुढं सरकतो. मागून रेटारेटी असतेच. पण त्या अठरा हातांत काय आहे? परंपरेनं सांगितलेली यादी अशी आहे: जपमाळ, परशू, गदा, बाण, वज्र, कमळ, धनुष्य, कमंडलू, दंड, शक्ती, तलवार, ढाल, शंख, घंटा, मद्यपात्र, त्रिशूळ, पाश आणि सुदर्शन चक्र. माळ, कमळ, कमंडलू, शंख, घंटा आणि पेला एवढं बाजूला काढलं तर बाकी सगळं शस्त्रागार आहे!

देवीची मान एका बाजूला कललेली आहे. गोष्ट अशी सांगतात की समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी तिचं माहात्म्य म्हणत होते आणि ती कान देऊन ऐकत होती. अठरा हात शस्त्रांनी भरलेली बाई आणि कान मात्र ऐकण्यात गुंतलेला! लढणारा माणूस आधी ऐकतो, हे इतकं छान दुसरीकडं कुठं पाहायला मिळेल?

२०२२ साली या मूर्तीच्या बाबतीत एक मोठी गोष्ट घडली. वर्षानुवर्षं लावलेल्या शेंदराचे थरावर थर चढून मूर्तीची मूळ घडण झाकली गेली होती. पावसाळ्यात सुमारे दीड महिना मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून, तज्ज्ञांच्या मदतीनं ते थर उतरवले गेले. नवरात्रात लोकांना देवीचं मूळ रूप दिसलं. कित्येकांच्या घरच्या फोटोतली देवी आणि ही देवी वेगळी दिसायला लागली. काही हरखले, काही गांगरले. आजी म्हणायच्या, 'माय, ही आपलीच ना?'

आपलीच. फक्त आता नीट दिसते.

ती 'नाही' म्हणाली त्याची गोष्ट

शेंदूर फक्त दगडावर चढत नाही, गोष्टींवरही चढतो. मार्कंडेय ऋषी जे म्हणत होते ते म्हणजे सप्तशती. मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय. नवरात्रात घरोघरी पाठ होतो, पण त्यात काय घडतं ते विचारा. बहुतेकांना महिषासुर माहीत, पुढचं नाही.

पुढं शुंभ आणि निशुंभ येतात. पाचव्या अध्यायात शुंभ देवीकडे दूत पाठवतो. निरोप काय, तर जगातली सगळी रत्नं माझ्याकडं आहेत, तूही एक रत्नच, तेव्हा माझ्याकडं ये. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टेटस दाखवून मागणी. देवी हसून सांगते की मी एक पण केलाय. जो मला युद्धात हरवेल, जो माझ्या बरोबरीचा असेल, त्याच्याशीच मी लग्न करेन.

हा सरळ नकार आहे. आणि मग काय होतं? शुंभ सैन्य पाठवतो, केस धरून फरफटत आणा म्हणून सांगतो. नकार पचत नाही म्हणून बळजबरी. पुढच्या सगळ्या अध्यायांतली लढाई या एका नकारातून पेटलेली आहे. चंड-मुंड, रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा राक्षस उभा करणारा रक्तबीज, सगळे एकेक करून येतात आणि संपतात. शेवटी शुंभ टोमणा मारतो की तू दुसऱ्यांच्या जोरावर लढतेस. देवी म्हणते, दुसरी आहेच कोण? मी एकटीच आहे. आणि तिच्या बाजूनं लढणाऱ्या सगळ्या शक्ती तिच्यातच मिसळून जातात.

मॉरिगनच्या गोष्टीत पुरुष नकार देतो आणि देवी सूड घेते. सप्तशतीत देवी नकार देते आणि पुरुष सूड घ्यायला येतो. दोन्ही गोष्टी हजार वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहून जुन्या. बातम्यांचं पान उघडलं तर दुसरी जास्त ओळखीची वाटते, हे आपलं दुर्दैव.

आपल्या आजूबाजूच्या आया

लढाऊ देवी बघायला गडापर्यंत जायलाच हवं असं नाही. आपल्या शेजारच्या यावल तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, आडगावच्या पुढं मनुदेवी आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला जाणारी कॉलेजची पोरं तिला 'पिकनिक स्पॉट' म्हणतात, पण ती अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. तिची आख्यायिका ईश्वरसेन नावाच्या गवळी राजाशी जोडलेली आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, म्हणजे चंडिका. तिथल्याच परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. चंडिकेच्या शेजारी गणिताचा वर्ग! धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा आहे. आणि श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळात बसून घरी येणारी कानबाई तर आपलीच. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेली भावकी तिच्या रोटांसाठी गाव गाठते.

रक्ताचा प्रश्नही टाळून चालणार नाही. गडावर दसऱ्याला बोकडबळीची जुनी प्रथा आहे. २०१६ साली त्या वेळी मानवंदनेसाठी झाडलेल्या बंदुकीमुळं काही भाविक जखमी झाले, आणि पुढच्या वर्षी बळीवर बंदी आली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. कुणाला ही आपल्या पूर्वजांची श्रद्धा वाटते, कुणाला थांबवायला हवी अशी गोष्ट. देवी जिवंत असते तेव्हा तिच्याबद्दल वादही जिवंत असतात. वादच उरला नाही तर ती मॉरिगनसारखी हस्तलिखितात जाते.

मूर्तीतून खाली उतरलेल्या

आता खरा मुद्दा. ही शस्त्रं मूर्तीच्याच हातात राहणार का?

गडाच्या पायऱ्या बांधून घेण्याचं श्रेय उमाबाई दाभाडे यांना दिलं जातं. त्या मूळच्या अभोण्याच्या, म्हणजे याच गडाच्या परिसरातल्या. नवरा खंडेराव दाभाडे मराठ्यांचे सेनापती, ते १७२९ साली गेले. मुलगा त्र्यंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत मारला गेला. पुढं सेनापतिपद नावाला धाकट्या यशवंतरावाकडं आलं, पण कारभार उमाबाईंच्या हाती होता, आणि अहमदाबादच्या मोहिमेवर त्या स्वतः गेल्या. देवीच्या पायऱ्या बांधणारी बाई स्वतः फौज घेऊन निघाली!

आणि इतकं मागं तरी कशाला जायचं? बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिकलेल्या, आपल्या शेजारच्या एदलाबाद म्हणजे आताच्या मुक्ताईनगरमधून आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. राष्ट्रपती म्हणजे तिन्ही सैन्यदलांचा सर्वोच्च सेनापती. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून भरारी घेतली. कॉलेजात टेबल टेनिस खेळणारी खान्देशची मुलगी!

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा आदेश दिला. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीनं संचलन करत बाहेर पडली. आपल्याकडं भरतीच्या तयारीला पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं सगळ्यांनी पाहिलीत. आता त्या रस्त्यावर पोरीही दिसतात. थोड्या, पण दिसतात.

तरीही याच गावांत, याच घरांत, कॉलेजची बस उशिरा आली तर मुलीला तीन फोन येतात आणि मुलाला एकही नाही. कुणी पाठलाग केला तर 'तू त्या रस्त्यानं गेलीसच कशाला' हा प्रश्न आधी येतो. तिनं मागणी नाकारली तर 'माज आलाय' म्हणणारे मित्र आपल्याच कट्ट्यावर असतात. हेच मित्र नऊ दिवस अनवाणी असतात, उपास करतात, आरतीला सगळ्यात मोठ्यानं ओरडतात. शुंभाची भाषा आपल्या तोंडी आणि झेंडा देवीचा, असं कसं चालेल?

पोरींसाठीही एक गोष्ट आहे. अठरा हातांत सगळीच शस्त्रं नाहीत. माळ आहे, कमळ आहे, घंटाही आहे. सगळ्यांनी एनडीएलाच जावं असं देवी सांगत नाही. कुणाचं शस्त्र डिग्री असेल, कुणाचं बँकेतलं स्वतःचं खातं, कुणाचं मोबाइलमध्ये सेव्ह केलेला ११२ हा नंबर, आणि कुणाचं फक्त एक स्वच्छ, मोठ्यानं उच्चारलेलं 'नाही'.

आयर्लंडमधल्या पेगन पोरापोरींना त्यांची देवी फाटक्या हस्तलिखितांतून शोधावी लागते. आपली देवी एसटीच्या तिकिटाच्या अंतरावर आहे, आणि सप्तशतीचं मराठी भाषांतर कोणत्याही यात्रेत पुस्तकांच्या दुकानात मिळतं. यंदा गडावर गेलात तर रांगेत सेल्फीचा मोबाइल जरा खाली घ्या आणि तिचे हात मोजा. आणि जमलंच तर परतीच्या गाडीत पाचवा अध्याय वाचा. मित्रांनाही वाचून दाखवा. मोठ्यानं.